खुर्चीतला औदुंबर

औदुंबरचं डोकं काही केल्या मानेवर बसेना. उशीच्या अभ्र्यात मी चिंध्या ठासून भरल्या होत्या, तो गोळा कोटाच्या कॉलरमधे खोचला होता, वरून मफलरचे वेढे दिले होते; तरी मी हात काढला की डोकं पुढं लवंडायचं आणि औदुंबर छातीत हनुवटी खुपसून बसायचा, पंगतीत पेंगणाऱ्या पाहुण्यासारखा.

"सरळ बस की रे," मी म्हणाले. "लोक बघायलेत."

लोक म्हणजे एकटी आयनो. आमची शेजारीण. कुंपणापलीकडे गुडघाभर बर्फात उभी राहून ती माझी फजिती बघत होती. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलं लांबच्या शहरांत. माझं इंग्रजी कच्चं म्हणून ती मुद्दाम एकेक शब्द सुटा करून बोलायची.

"मागं रेलव त्याला," ती म्हणाली. "म्हाताऱ्यासारखा. म्हातारे हलत नाहीत."

मी रेलवलं. डोकं बसलं. आयनोनं कुंपणावरून काळ्या सूर्यफुलाच्या बियांची पिशवी पुढं केली. औदुंबरच्या मांडीवर उताणा ठेवलेल्या हातमोज्यात मी मूठभर बी ओतलं, थोडं त्याच्या टोपीच्या काठावर पेरलं आणि घरात पळत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले.

औदुंबर हे बुजगावणं होतं. औदुंबर हे माझ्या नवऱ्याचंही नाव होतं.

आमच्याकडे, मंगळवेढ्याच्या बाजूला, बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घ्यायचं तेवढं, पुढं जन्मभर 'अहो' आणि 'हे'. लग्नाला तीन वर्षं होऊनही मी ते नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं. पण खुर्चीतल्या ह्या गड्याच्या अंगात कोट ह्यांचा, टोपी ह्यांची, मफलर आणि हातमोजेही ह्यांचेच. त्याला दुसरं काय नाव देणार? आणि बुजगावण्याला कुणी अहो-जाहो करत नाही.

हे खाणीवर इलेक्ट्रिशियन होते. आधी मस्कतला, मग इथं कॅनडात. खाण आमच्या गावापासून फार उत्तरेला, तिथवर रस्ताच नाही. विमानानं जायचं, तीन आठवडे तिथंच राहून काम करायचं आणि सुट्टीला घरी यायचं. दोन तासांवरच्या शहरात ह्यांचं विमान उतरायचं, तिथून हे गाडी चालवत यायचे. शुक्रवारी रात्री दारात बूट वाजायचे. पुढच्या गुरुवारी परत जायचे. आले की झोपायचे, उठले की बर्फ काढायचे, गाडीचं काहीबाही बघायचे, पुन्हा झोपायचे.

"जेवायला काय करू?" मी विचारायचे.

"काय बी कर," हे म्हणायचे.

इतकंच. वाईट माणूस नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. आवाजच नाही. मीही काही मोठी बोलकी होते अशातला भाग नाही, पण माहेरी आम्ही सहा माणसं एका खोलीत जेवायला बसायचो आणि सगळी एकदम बोलायची, त्यात माझंही खपून जायचं. इथं ह्यांच्यासमोर बसलं की आपण ताट वाजवतोय ह्याचीच लाज वाटायची. आणि ते तीन आठवडे तर घरात माझ्याखेरीज फक्त फ्रीज बोलायचा.

मग मी पाखरांच्या नादाला लागले. पहिल्या थंडीत मागच्या अंगणात रोज सकाळी भात टाकायचे. भाताचे गोठून खडे व्हायचे आणि तिकडं कुणी फिरकायचं नाही. ते आयनोनं पाहिलं आणि हसत हसत कुंपणाशी बोलावलं.

"भात कुणासाठी?"

"पाखरांसाठी."

"ही पाखरं भात खात नाहीत. थांब."

तिनं हातमोजा काढला, तळव्यावर चार बिया ठेवल्या आणि हात नुसता पुढं धरला. समोरच्या सूचिपर्णी झाडातून एक चिमुकलं पाखरू आलं. आपल्या चिमणीहून लहान, डोक्यावर काळी टोपी, गळ्याखाली काळा डाग, गाल पांढरेशुभ्र. तिच्या बोटावर बसलं, एकच बी निवडलं आणि गेलं. लगेच दुसरं आलं. आपापला नंबर लावल्यासारखी ती येत होती, आणि फांदीवर जाऊन बी पायात धरून ठकठक फोडत होती.

"चिकडी," आयनो म्हणाली. "थंडीत सगळे पक्षी दक्षिणेला पळतात. ह्या इथंच राहतात."

मला त्या क्षणी त्या पाखराचा हेवा वाटला. पाखराचा नव्हे, आयनोचा. उघड्या हातावर एक जिवंत जीव स्वतःहून येऊन बसतो, ह्याचा. लग्न झाल्यापासून माझ्याजवळ स्वतःहून कोण आलं होतं?

"मला शिकवा," मी म्हणाले.

"सोपं आहे. पाखरांना माणसाची सवय करायची. खुर्चीत कपडे भरून माणूस बसव, त्याच्या हातात बी ठेव. ती त्याला सरावली की एक दिवस त्याला उठव, तेच कपडे घाल आणि त्याच्या जागी तू बस."

मला हसू आवरेना. माझं सगळं लहानपण पाखरं हाकण्यात गेलेलं. ज्वारी हुरड्यात आली की मी रानातल्या उंच माळ्यावर चढून बसायचे, गोफण फिरवायचे, पत्र्याचा डबा बडवायचे. वडील स्वतःच्या फाटक्या सदऱ्याचं बुजगावणं उभं करायचे आणि मडक्याला चुन्यानं डोळे काढायचं काम माझ्याकडं असायचं. आता त्याच कलेनं पाखरांना आवतण द्यायचं होतं.

आणि हात सवयीनंच चालले. पहिलं बुजगावणं मी केलं ते आमच्या रानात शोभेल असं: उभं, दोन्ही हात पसरलेले, अभ्र्यावर कोळशानं काढलेले वटारलेले डोळे आणि दोन ओळी दात. आठवडाभर अंगणात एक पाखरू उतरलं नाही. आयनोच्या दाण्यावर येणारीसुद्धा यायची बंद झाली.

"मंदा," ती कुंपणावरून म्हणाली, "हा राक्षस कोण आहे?"

म्हणून मी डोळे धुऊन काढले, दात पुसले, हात खाली घेतले आणि त्याला खुर्चीत बसवलं. मफलर नाकापर्यंत, टोपी भुवयांपर्यंत. तो हा औदुंबर.

पहिले काही दिवस पाखरं नुसती फांदीवरून बघायची. मग एक धीट काळ्या टोपीवाली औदुंबरच्या टोपीवर उतरली, बी घेऊन सटकली. मग दोघी-तिघी. मग हातमोज्यात. खिडकीतून मी बघायचे आणि ज्या दिवशी एकीनं औदुंबरच्या अंगठ्यावर बसून आरामात बी निवडलं त्या दिवशी मी एकटीनंच शिरा करून खाल्ला.

रोज सकाळी बी भरायला जायचं, तर नुसतं भरून कसं यायचं? "उठलास का?" म्हणायचे मी. "थंडी फार पडली काल. झोप लागली का?" मग हळूहळू जास्त. स्वप्न काय पडलं, भाजीला मीठ कसं जास्त झालं, टपालवाल्यानं हात हलवला पण थांबला नाही. मी बर्फात पालथी बादली टाकून त्याच्याशेजारी बसायचे आणि तोंडाची वाफ जाईस्तोवर बोलायचे. पाखरं तेवढ्यापुरती दूर जायची, मी उठले की परत यायची.

मधे सुट्टीला हे आले तेव्हा मी औदुंबरला लाकडांच्या खोपटात उभं केलं. लाज वाटली. ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि जुना कोट कुठं आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. हे गेले की पुन्हा खुर्चीत.

स्वतः त्याच्या जागी बसायचा प्रयत्न मी पुष्कळदा केला. कोट घातला, टोपी घातली, तसाच हात पुढं धरला. एक पाखरू येईना.

"तू बोलतेस," आयनो म्हणाली.

"मी कुठं बोलते? तोंड मिटून बसते."

"ओठ हलतात तुझे. मी इथून बघते. पायही हलतात. तू मनात बोलतेस तरी अंगभर बोलतेस. पाखरांना कळतं."

ते खरं होतं. मला गप्प बसता येत नव्हतं. गप्प बसायला आत काहीतरी शांत लागतं, ते माझ्यापाशी नव्हतं.

फेब्रुवारीत मी ठरवलं. परत जायचं, कायमचं. माझी धाकटी बहीण प्रमिला सांगलीला शिवणाचा वर्ग चालवायची. फोनवर ती म्हणाली, "अक्का, ये तू. मला कटिंगला माणूस पाहिजेच आहे. लोक चार दिवस बोलतील, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळेल." नांदायला गेलेली बाई परत आली की काय काय बोललं जातं हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं. तरी मी हो म्हणाले. फोन ठेवला. आता एकच उरलं होतं. शुक्रवारी हे आले की त्यांना सांगायचं.

कसं सांगायचं तेच कळेना. ह्यांच्यासमोर माझ्या तोंडून 'जेवायला काय करू' ह्यापलीकडे वाक्य निघत नव्हतं, तिथं 'मी चालले' कसं निघणार? म्हणून रोज सकाळी औदुंबरपुढं मी सराव करायला लागले. कधी रडून म्हणायचे, कधी रागानं. कधी अर्ध्यात सोडून द्यायचे.

त्या बुधवारी दुपारी मी आयनोकडं गेले होते. तिनं कॉफी दिली, वेलदोड्याचा गोड पाव दिला. निघताना कुंपणाच्या फटीतून आमच्या अंगणात शिरले, ते थेट खुर्चीपाशी. ऊन होतं, पण थंडी अशी की नाकातले केस ताठ झालेले. औदुंबर जागेवर बसला होता. त्याच्या हातमोज्यात एक टोपीवाली उभी होती, बिया उचलून बघत होती, टाकत होती. नेहमी मी जवळ गेले की ती उडायची. त्या दिवशी उडाली नाही. मला वाटलं, सरावली शेवटी मला.

मी बादली पालथी घातली आणि हळूच बसले.

"औदुंबर, ऐक," मी म्हणाले. "आज नीट सांगते. परवा तुझा मालक येणार हाय. त्याच्या आधी तुला सांगते."

पाखरानं एक बी घेतलं आणि गेलं. दुसरं आलं.

"मी जाती आता. प्रमिलाकडं. परत यायची न्हाई. लोक विचारतील मला, काय कमी होतं गं तुला? मारत होता का? न्हाई. पीत होता का? न्हाई. खायला घालत न्हवता का? घालत होता. मग मी काय सांगू त्यांना? काहीच कमी नव्हतं बघ. फकस्त माणूस कमी होतं घरात."

हे मी आधीही म्हटलं होतं, पण इतकं सरळ नाही. मला माझ्याच आवाजाचं नवल वाटत होतं.

"तू येणार म्हणलं की मी केस धुती. तुला ठाऊक तरी हाय का? शुक्रवारी सकाळपासनं माझं सगळं शुक्रवारासाठीच चालतंय. भाजी कुठली, चादर कुठली. मग तू येतोस आणि बूट काढतोस. मी तुझ्या बुटांकडं बघत बसती, कारण तुझ्या तोंडाकडं बघितलं की तू दुसरीकडं बघतोस. अरे, मी काय तुला खाती का?"

आणि तेव्हा मला ती दिसली. मफलरच्या वरच्या काठातून, जिथं नाक असायला हवं तिथून, बारीकशी वाफ निघाली आणि विरली. मग परत निघाली.

चिंध्यांना श्वास नसतो.

खोपटाच्या दाराशी बर्फात दोन पाय दिसले, वर्तमानपत्रं भरलेली पँट, उशीच्या अभ्र्याचं डोकं बाजूला पडलेलं. खरा औदुंबर तिथं आडवा होता. आणि खुर्चीत हे होते. बुधवारी. माझं सगळं बोलणं ऐकत, हातावर पाखरू घेऊन.

पळून जावं असं वाटलं. आत जावं, दार लावावं, पलंगाखाली शिरावं. मग संताप आला. चोरासारखे बसलेत, ऐकतायत, तोंडातून शब्द काढला नाही. आणि संतापाच्या मागोमाग एक वेगळीच गोष्ट कळली, की आत्ता उठले तर हे मी पुन्हा कधीही बोलू शकणार नाही. ह्यांच्याशी नाही. औदुंबरशीच बोलता येईल, आणि औदुंबर आत्ता समोर बसलाय.

मी उठले नाही.

"आणि आणखी ऐक, औदुंबर," मी म्हणाले. वाफ माझ्याही तोंडातून निघत होती. "तू गुरुवारी गेलास की मला आधी बरं वाटतंय. मोकळं. मग संध्याकाळ झाली की मोरीत जाऊन रडती. मला तू आवडतोस का न्हाई, ते मला ठाऊक न्हाई. खरं सांगती. तेवढं कळायला सुदीक माणूस जवळ ऱ्हावं लागतंय. तू कधी ऱ्हायलाच न्हाईस."

मफलरमधली वाफ थांबली. बराच वेळ थांबली. मग एकदम मोठी निघाली. पाखरू उडालं.

"उठू का?" मफलरमधून आवाज आला.

"बसा," मी म्हणाले. सवयीनं 'बसा' निघालं.

हे बसले. रिकामा हातमोजा तसाच मांडीवर. पुढच्या दारानं आलो, कुलूप होतं, म्हणून मागं वळून आलो, असं हे खाली बघत सांगायला लागले. स्वतःलाच खुर्चीत बसलेलं बघितलं, हसू आलं, कोट आपला, टोपी आपली. उगीच बसून बघू म्हणून ह्याला उतरवलं, कोट-टोपी चढवली आणि बसलो, तर पाखरू आलं. हातावर पाखरू असताना तू आलीस. हलायचं कसं?

"बोलायचं तरी," मी म्हणाले.

"बोललो असतो तर तू बोलली असतीस का?"



मग ते उठले. कोट उतरवला आणि माझ्या खांद्यावर टाकला. टोपी काढून माझ्या डोक्यावर बसवली, मफलर गुंडाळला, अगदी नाकापर्यंत. लग्नानंतर माझ्या अंगाला त्यांनी दिवसाउजेडी असा हात लावलेला मला आठवत नाही. कोट आतून गरम होता.

"तू बस आता हितं," ते म्हणाले. "मला बी बोलायचंय. पर तू बघत असलीस की मला जमत न्हाई. बुजगावणं होऊन बस. माघारी बघू नको."

त्यांनी माझ्या हातात हातमोजा घातला नाही. तळव्यावर तसंच बी ओतलं, चार दाणे खाली सांडले. मग ते माझ्या मागं गेले. बर्फात बूट करकरले आणि थांबले.

खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं, गेले. माझ्या पायांना कळ लागली होती पण मी हलले नाही, कारण इतके कान देऊन मी आयुष्यात कधी कुणाचं ऐकायला बसले नव्हते.

"विमान बुधवारीच येतंय," मागून आवाज आला. "शुक्रवारी न्हाई. कायम बुधवारीच येतंय."



"तिथं शहरात एक लॉज हाय. दोन दिस तिथंच ऱ्हातो मी. दर खेपेला. बाईबिई कुणी न्हाई, तसलं काय मनात आणू नको. कागदात गुंडाळलेलं खायला आणतो, टीव्ही लावतो. पडून ऱ्हातो." थोडं थांबून ते म्हणाले, "आज लॉजवर जागा नव्हती. म्हणून आलो. खोटं कशाला सांगू."

ते ऐकून मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. तीन आठवडे मी दिवस मोजायचे, आणि हा माणूस दोन तासांवर येऊन दोन दिवस मोजत बसायचा. उठून ओरडावं, असं मनात आलं तेवढ्यात डाव्या बाजूनं काहीतरी फडफडलं. एक टोपीवाली माझ्या बोटावर उतरली. उघड्या बोटावर. तिला वजनच नव्हतं, फक्त नखांची बारीक टोच. तिनं मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं.

मी हलू शकत नव्हते.

"मला भ्या वाटतंय घरी यायचं," तो म्हणाला. "खाणीत न्हाई वाटत. हितं वाटतंय. दार उघडलं की तू बघतीस माझ्याकडं, जसं काय मी तुझ्यासाठी कायतरी आणलंय. आणि मी काय आणलेलं नसतंय. गाडीत येताना ठरवतो, आज हे बोलायचं, ते बोलायचं. वाटंत हरणं दिसली ते सांगायचं. दारात आलो की सगळं जातंय. मग तू इचारतीस जेवाया काय करू, आणि मला वाटतंय, हिला हितं आणून मी हिचं वाटोळं केलं. आणि म्हणतो, काय बी कर."

पाखरानं एक बी उचललं, नको म्हणून टाकलं, दुसरं उचललं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, म्हणजे गेल्या वर्षी, तो वारला तेव्हा समाचाराला आलेल्या बायका म्हणाल्या, तुझा नवरा किती शांत होता. मी हो म्हणाले. त्या दुपारी तो किती बोलला हे त्यांना कसं सांगणार? खाणीतल्या एका पोराचा हात कसा गेला ते बोलला. आई वारली तेव्हा मस्कतहून येता आलं नाही ते बोलला. मला बघायला आले तेव्हा मी चहात साखर टाकायची विसरले होते, आणि त्यानं तो तसाच पिऊन टाकला होता, तेही. एका पाठोपाठ एक, काही धरबंध नव्हता. त्याचा आवाज मला इतका अनोळखी होता की मधेच वाटायचं, मागं कुणी तिसराच उभा आहे. मी कोटाच्या आत रडत होते आणि खांदा हलू देत नव्हते.

पाखरं येत होती, जात होती. तळव्यावर दोन-तीन दाणे उरले.

"जायचं तर जा," शेवटी तो म्हणाला. "मी आडवा येणार न्हाई. तिकीट मीच काढतो. तुला सोडायला बी येतो."

मग फक्त त्याचे बूट. पुढं येऊ की नको, असे जागच्या जागी वाजणारे.

हातावर पाखरू होतं. मी मान वळवली नाही, ओठ फारसे हलवले नाहीत.

"पुढल्या खेपेला लॉजवर उतरू नको," मी हळूच म्हणाले. "बुधवारी सरळ घरी ये."

"तू असशील?"

टोपीवालीनं बी निवडलं होतं, तरी ती अजून बसून होती. मी ती जाईपर्यंत थांबले.

"असेन," मी म्हणाले.

मग त्यानं मला उठवलं, कारण माझे पाय पार बधिर झाले होते आणि मला एकटीला उभं राहता येईना.